फ्रेंच तबकडी आणि बाबांचे कान

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. बाबा मिलमधून नुकतेच रिटायर झाले होते आणि ते बहिरे होत चालले आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं होतं. सगळ्यांना म्हणजे मला आणि आईला. तिसरे स्वतः बाबा, आणि त्यांना विचारायची हिंमत आम्हा दोघींतही नव्हती.

बाबांनी एकतीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात काढली. तिथे शेकडो लूम एकाच वेळी खडखडत. शेजाऱ्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ ठळक हलवायचे, जोडीला बोटांची एखादी खूण. समोरचा ओठ वाचून तसंच उत्तर देई. बाबांनी ही रीत घरीही आणली. आमच्या दोन खोल्या, दोन्हीकडच्या भिंतींपलीकडे मिलचेच लोक, आणि पाळ्यांमुळे दिवसाउजेडी कुणी ना कुणी झोपलेलंच असायचं. मोठ्यानं बोलणं म्हणजे कुणाची तरी झोप मोडणं. त्यामुळे बाबांशी आम्ही तसंच बोलायचो. आईचं तर लग्न होऊन आल्यापासूनचं सगळं बोलणं, भांडणासकट, ओठांवरच चाले.

विणकर म्हातारपणी बहिरे होतात, याचं आमच्या खोल्यांच्या ओळीत कुणाला नवल नव्हतं. बाबांच्या बरोबरीचे चौघे जण पिंपळाखाली बसून एकमेकांवर ओरडत, आणि चौघेही वेगवेगळ्या विषयांवर बोलत असत. म्हणून बाबांनी उत्तरं देणं कमी केलं तेव्हा आम्ही समजून गेलो. आई विचारी, भाजी वाढू का, तर बाबा तिच्याकडे पाहून कसनुसं हसत. मग हसणंही गेलं. ते दारात बसून राहू लागले. पानठेल्यावर मात्र तासन् तास गप्पा चालत. त्यावर आई म्हणायची की यांचं बहिरेपण सोयीचं आहे, तिथलं बरं ऐकू येतं, घरचंच तेवढं येत नाही. मीही एकदा चोरून परीक्षा घेतली. बाबा पाठमोरे बसले असताना मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. त्यांनी मान वळवली नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

रडायचं कारण नुसतं बहिरेपण नव्हतं. बाबा व्हायोलिन वाजवत. तरुणपणी रेल्वेतल्या एका ख्रिस्ती गार्डाकडून शिकले होते. छप्पन्न साली आमच्या घराने दीक्षा घेतली आणि त्यानंतर वस्तीत गाण्याची पार्टी निघाली, तिच्यात पहिल्या दिवसापासून बाबा होते. मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवायचे आणि गायकाच्या मागोमाग जायचे. एप्रिलात जयंतीला पार्टी वस्तीवस्तीतून फिरे. मिलने त्यांना पगार दिला, पण मान मिळाला तो या व्हायोलिनने.

त्या हिवाळ्यात पार्टीचा गायक मला गल्लीत गाठून म्हणाला की बाबांचं आता जमत नाही. त्याने कडवं सुरू करायला हात वर केला की बाकीचे थांबतात, बाबा वाजवतच राहतात. दोन वस्त्यांत लोक हसले. माणूस वाईट नव्हता, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, “मी त्यायले कसं सांगू? पन जयंतीले दुसरा मानूस पाहा लागन. तूच सांग त्यायले.”

मी त्याच्याकडे महिन्याभराची मुदत मागितली. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. रविवारी धरमपेठेतल्या एका मॅडमकडे जायची. त्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या, आणि आपलं पुस्तक मला सांगून टाइप करून घेणाऱ्या. आवाज असा की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगा जागा व्हावा. काम संपलं की चहा, आणि चहासोबत रेकॉर्ड प्लेअर. कधीकाळी शिकायला परदेशी गेल्या असताना त्यांनी एका फ्रेंच संगीतकाराच्या दोन तबकड्या आणल्या होत्या. फक्त व्हायोलिन आणि पियानो. एका तबकडीवर त्याने तरुणपणी रचलेलं संगीत, दुसरीवर म्हातारपणी रचलेलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना मला ते दोघं आपापलं वाजवताहेत असंच वाटलं. तबला नाही, गाणं नाही, कुठे सम येते तेही कळेना. दोन-तीन रविवार गेल्यावर पहिली तबकडी आवडायला लागली. तिच्यातलं व्हायोलिन धावत सुटतं आणि पियानो त्याला पकडायला मागे लागतो. दुसरी मात्र जड जायची.

एकदा मॅडमनी सांगितलं की ही दुसरी रचना केली तेव्हा हा माणूस जवळजवळ बहिरा झाला होता. शिवाय जे ऐकू येई तेही वेडंवाकडं, वरचे सूर उतरल्यासारखे, खालचे चढल्यासारखे. तरी त्याने लिहायचं सोडलं नाही.

मला तिथल्या तिथे मार्ग सापडला. बाबांना इथे आणायचं, ही तबकडी ऐकवायची, जेवढी ऐकू येईल तेवढी, आणि मग या फ्रेंच म्हाताऱ्याची गोष्ट सांगायची. म्हणजे विषय आपोआप निघेल. कान गेले म्हणून माणूस संपत नाही वगैरे. ते वाक्य मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं. त्या वयात मला आपण फार समजूतदार आहोत असं वाटायचं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आण की. बाबांना एवढंच सांगितलं की मॅडमकडे परदेशी व्हायोलिन ऐकायला जायचं आहे. ते मी त्यांच्या खांद्याला हात लावून, समोर उभी राहून, नेहमीसारखं ओठांनी सांगितलं. त्यांना कळेना. शेवटी मी व्हायोलिन वाजवायची खूण केली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि इस्त्रीचा सदरा काढला.

धरमपेठेतल्या त्या घरात शिरताना मी ते घोकलेलं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडम स्वयंपाकघरातून, न दिसता, आपल्या त्या आवाजात म्हणाल्या, “साखर किती घालू हो तुमच्या चहात?”

मी बाबांसाठी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, “दोन चमचे, बाई. डॉक्टर नाई म्हनते, पन दोन टाका.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. वाटलं, योगायोग असेल, चहा विचारताना दुसरं काय विचारणार. पण मॅडम चहा घेऊन आल्या आणि दोघांचं मिलबद्दल बोलणं सुरू झालं. मॅडम विचारताहेत, बाबा सांगताहेत. मध्ये एकदा मॅडम पाठ करून कपाटात तबकडी शोधत बोलल्या, त्यालाही बाबांनी उत्तर दिलं. एखाद-दुसऱ्या शब्दाला ते “आँ?” म्हणाले असतील, बस. आमच्या घरात आठ महिन्यांत बोलले नव्हते तेवढं ते अर्ध्या तासात बोलले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. आईचं खरंच होतं म्हणायचं, सोयीचं बहिरेपण!

मॅडमनी पहिली तबकडी लावली. बाबांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर व्हायोलिनच्या गजासारखी हलू लागली. मग दुसरी लावली. तिच्यातल्या संथ भागात, जिथे पियानो अगदी हळू वाजतो, तिथे बाबांनी एकदम डोळे उघडले.

“इथं सूर हालून राहिला,” ते म्हणाले. “वाजवनाऱ्याचा दोष नाई. तबकडीच वाकडी फिरून राहिली.”

मला काहीच हलताना ऐकू आलं नाही. मॅडमनी मात्र कप खाली ठेवला. त्या तबकडीचं भोक बरोबर मधोमध पडलेलं नव्हतं. केसभर फरक, पण लांब सुरांत डुलल्यासारखं होई. इतक्या वर्षांत घरी आलेल्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, त्यांना वाटायचं आपल्याच कानांचा खेळ आहे. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या की अगं, तुझ्या वडिलांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

आता मला राहवेना. मी बाबांच्या समोर गेले आणि विचारलं की मग घरी का नाही बोलत, मागून टाळी वाजवली तेव्हा का नाही वळलात. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. तेच कसनुसं हसू. मी पुन्हा विचारलं, आणखी जोर लावून. बाबांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून.

“तू बोलते आहेस कुठे?” मॅडम म्हणाल्या. “नुसते ओठ हलवते आहेस.”

मी थांबले. गळ्याला हात लावला. खरंच, मी आवाज काढलाच नव्हता. मला वाटत होतं मी ओरडते आहे. बाबांकडे तोंड केलं की माझा आवाज आपोआप बंद व्हायचा, लहानपणापासून तसंच वळण पडलं होतं. आईचंही तेच. आठ महिने आम्ही दोघी त्यांच्याशी बिनआवाजाचं बोलत होतो आणि म्हणत होतो, यांना ऐकू येत नाही.

“बाबा,” मी म्हणाले. या वेळी आवाजात. “तुम्हाले माहे ओठ दिसत नाहीत काय?”

त्यांनी डोळे चोळले. मग म्हणाले, “दिसते. पन धुक्यात असल्यावानी दिसते. साल होऊन राहिलं.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“कोनाले सांगू? घरात कोनी माह्यासंग बोलतच नोतं वं. मले वाटलं, आता पगार आनत नाई मी. रिटायर मानसासंग कोन बोलते.”

मॅडम उठून आत गेल्या. मी बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्याला कपाळ टेकलं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि छातीवरचा केवढा तरी दगड उतरल्यासारखं वाटत होतं. डोळे! नुसते डोळे! त्यावर इलाज होता, दवाखाना होता. पण त्यांचं ते वाक्य ऐकून मी जी ओशाळले ती आजही आठवलं की ओशाळते. टाळीचं विचारलं तर म्हणाले, तीस साल लूमच्या खडखडाटात काढले, प्रत्येक आवाजाला वळून पाहिलं असतं तर मान मोडली असती, मिलमध्ये ज्याचं काम असेल तो खांद्याला हात लावतो. आणि गायक हात वर करतो तो त्यांना दिसतच नव्हता.

निघताना मॅडमनी त्यांना त्या दुसऱ्या तबकडीची गोष्ट सांगितली. हे लिहिणारा बहिरा होता म्हणून.

बाबांनी विचार केला. “याच्या घरचे तरी आवाजानं बोलत असन,” ते म्हणाले. मॅडम हसून हसून दाराला टेकल्या.

सोमवारी मी पार्टीच्या गायकाला सांगितलं की हात वर करू नकोस, पायाने जमिनीवर ठोका दे. त्याने दिला आणि बाबा जागच्या जागी थांबले. एवढीच गोष्ट होती. त्या एप्रिलात ते सगळ्या वस्त्यांत वाजवत फिरले, आणि कुणी हसलं नाही. पावसाळ्याआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कानही तपासायला लावले. मिलने थोडे खाल्ले आहेत, पण कामापुरते भरपूर शिल्लक आहेत, असं निघालं.

आईचं मात्र सोपं नव्हतं. त्या रविवारी घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग चुलीपुढे बसून राहिली. आठ महिने ती रोज विचारत होती, जेवता का, चहा करू का, आणि उत्तर नाही म्हणून रोज मनातल्या मनात कुढत होती. आता आवाजाने बोल म्हटलं तर तिला लाज वाटे. नवऱ्याला मोठ्याने हाक मारायची ती कशी, शेजारी काय म्हणतील. पहिल्यांदा तिने “अजी, जेवाले चाला” म्हटलं तेव्हा तिचा आवाज फाटला, आणि पलीकडची बाई डोकावून पाहून गेली की भांडण झालं की काय. हळूहळू तिला सवय झाली. मग गोडी लागली. तिच्याजवळ सांगायला किती होतं ते आम्हाला तेव्हा कळलं.

ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा आला. बाबांनी तो लावून आईकडे नीट पाहिलं आणि खुशीत म्हणाले की आता मला ओठ दिसतात, आता तुला घसा कोरडा करायची गरज नाही, पहिल्यासारखं बोललीस तरी चालेल.

आईने पोळी तव्यावर टाकली आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाई जी. तीस साल मी बिनआवाजाची राहिली. आता ऐका.”

बाबांनी ऐकलं. पुढे अकरा वर्षं ऐकलं.