विलासने ऐकलेली शिट्टी

माईक माझ्या हातात होता आणि समोर अख्खं शेंदूरजनाघाट गाव उत्तराची वाट पाहत होतं. सूत्रसंचालकाने पुन्हा विचारलं, "सर, आता तरी सांगा. त्या दिवशी शिट्टी वाजली होती का नव्हती?"

मी अकोल्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी. पळापळ दोन्हीकडे सारखीच, शिव्या मात्र रेफरीला जास्त. तीस वर्षांत मी दिलेला एकही निर्णय बदलला नाही. मैदानावर याचा मला अभिमान होता. घरी बायकोला त्याचा ताप होता, पण तो विषय वेगळा.

शेंदूरजनाघाटात मी बदनाम झालो तो एका कार्डामुळे.

पंचवीस वर्षांपूर्वी अमरावतीला एका स्पर्धेची फायनल होती. शेंदूरजनाघाटच्या टीममध्ये विलास नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा उजव्या विंगला खेळायचा, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने. घरची संत्र्याची बाग. बॉल त्याच्या पायात आला की समोरचा बचाववाला आधी पडायचा आणि मग कसा पडलो याचा विचार करायचा. खेळ पाहायला रेफरीइतकी जवळची जागा कोणालाच मिळत नाही, तीही फुकट. त्या जागेवरून मी शेकडो पोरं पाहिली. तसा पाय वऱ्हाडात पुन्हा दिसला नाही.

त्या दिवशी मुंबईच्या एका मोठ्या संघाची दोन माणसं खास त्याला पाहायला आली होती. हाफटाइमपर्यंत त्याने एक गोल केला, एक करवला. पाहणाऱ्यांपैकी कोणालाच शंका उरली नाही.

दुसऱ्या हाफमध्ये काय झालं कोण जाणे. समोरच्या टीमला फ्री किक मिळाली, तर याने बॉल उगाच लांब लाथाडला. त्याला यलो कार्ड, म्हणजे ताकीद. दोन यलो झाले की रेड. रेड मिळालेला खेळाडू बाहेर जातो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही.

"विलास, डोकं शांत ठेव," मी म्हटलं. त्याने मान हलवली.

पाच मिनिटांनी बॉल उंचावरून त्याच्याकडे आला. मैदानाच्या मध्यात होता, जवळपास कोणी नाही. त्याने तो दोन्ही हातांनी पकडला, झाडावरचं संत्रं तोडावं तसा. 

"सर, शिट्टी वाजली ना! मले वाटलं तुमी खेळ थांबवला."

"मी वाजवली नाही."

"मंग पब्लिकमधून कोणं वाजवली असंल."

प्रेक्षकांतल्या कोणी शिट्टी वाजवली आणि खेळाडू त्यामुळे फसला, तर रेफरी खेळ थांबवून बॉल पुन्हा टाकून देतो. कार्ड काढत नाही. पण मला शिट्टी ऐकू आली नव्हती. गोंगाट मात्र खूप होता. ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात. मी दुसरं यलो काढलं आणि मग रेड.

विलास खाली मान घालून बाहेर गेला. टीम हरली. "इतका बेशिस्त पोरगा आम्हाला नको," असं म्हणून मुंबईची माणसं गाडीला निघून गेली. मला पोलिसांच्या जीपमधून स्टँडवर सोडावं लागलं.

विलास पुन्हा मैदानात उतरला नाही. बाग आणि संत्र्याचा व्यापार पाहू लागला. गावात मात्र गोष्ट पक्की झाली: आपला विलास देशाकडून खेळला असता, पण अकोल्याच्या रेफरीने त्याचा घात केला. त्या गावाजवळच्या वरूडकडचा कोणीही भेटला की मला हेच ऐकवायचा. मी वरवर हसायचो. आतून मात्र किडा वळवळायचा. शिट्टी खरंच वाजली असली तर? रिटायर झाल्यावर तर अकोल्यात जठारपेठेतल्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला तो बॉल दिसायचा.

गेल्या हिवाळ्यात विलासचा फोन आला. गावाने नवं मैदान केलं होतं आणि पहिल्या सामन्याला पाहुणा म्हणून मीच हवा होतो.

"मार खायला एवढ्या लांब कशाला जाता?" बायकोने विचारलं.

मी गेलो. वरूडच्या स्टँडवर विलास स्वतः घ्यायला आला होता. पोट सुटलेलं, गळ्यात दुपट्टा, चाल मात्र तीच. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून त्याने मला बागेत नेलं. एका कडेला तोडणी चालू होती. दोन रिकामे क्रेट उलटे टाकून आम्ही बसलो. येताना एसटीत शंभर वेळा घोकलेलं वाक्य मी बोलून टाकलं.

"विलास, ती शिट्टी वाजली असेल तर मी तुझं वाटोळं केलं. मला माफ कर."

त्याने गळ्यातला दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "सर, शिट्टी नव्हती वाजली."

"काय?"

"त्याच्या आंधी मी मुंबईले आठ दिवस फुटबॉलच्या कॅम्पले गेलतो. तिथं समदेच विलास होते, सर. इथं मी एकटा. हाफटाइमले थे मुंबईवाले आले अन् म्हने, बॅग भर.  वाटलं, तिकडून वापस आलो त गावाले काय तोंड दाखवू? त्याच्यापक्षा तुमी बाहीर काढलं थे बरं."

"म्हणजे पहिलं यलोसुद्धा..."

"थे बी मुद्दामच."

मला इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. पंचवीस वर्षं मी जिच्यापायी झोप मोडून घेतली, ती शिट्टी या गाढवाने मनाने वाजवली होती! "मूर्खा, मुंबईत मीही रेफरी म्हणून गेलोय. तुझे ते सगळे विलास मी पाहिलेत. एकही तुझ्या पासंगाला पुरला नसता. तू खेळला असतास, कळतंय का? खरंच खेळला असतास!"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मंग थे तवाच कावून नाई सांगतलं, सर?"

"रेफरीने खेळाडूला शाबासकी द्यायची नसते. नियम आहे तो."

"असंल बाप्पा," असं म्हणून त्याने एक संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं. निघताना म्हणाला, "स्टेजवर लोक इचारतीन. गावात मले जो मान हाय, थो 'खेळला असता' याच्यावरच हाय. माही पोरगी बी लोकायले तेच सांगते. पण तुमाले जे खरं वाटंल थे सांगा. मी काई म्हननार नाई."

म्हणून माईक हातात घेऊन मी नुसता उभा होतो. एका वाक्यात माझं नाव धुऊन निघालं असतं. विलास दुसऱ्या रांगेत पोरीशेजारी बसला होता आणि स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"वाजली होती," मी म्हटलं. "पब्लिकमधून. मला ऐकू आली होती, पण मी मानली नाही. कार्ड चुकलं."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "पंचवीस वर्सं लावली बाप्पा यानं एवढं सांगाले!" लोक हसले, मीही हसलो. त्या गडबडीत मी आणखी एक वाक्य बोललो. "विलाससारखा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही." ते फारसं कोणाला ऐकू गेलं नसावं. विलासची मान मात्र वर आली.

परतताना त्याने मला स्टँडवर सोडलं आणि संत्र्यांचं पोतं माझ्याआधी बसमध्ये चढवलं. मी खिडकीत बसल्यावर खालून म्हणाला, "सर, थे दुसरं जे बोलले, थे खरं होतं काय? का पयल्याच्या जोडीले देल्लं?"

"पहिलं खोटं होतं," मी म्हटलं. "दुसरं खरं."

त्याने दुपट्ट्याने डोळे पुसले. "लय उशीर केला, सर."

बस सुटली.

घरी आल्यावर कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. दोन दिवस लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. चांगल्या खेळाडूला मॅच संपल्यावर "छान खेळलास" म्हणू नये, असा नियम त्यात कुठेही नाही. कोणीतरी कधीतरी मला तसं सांगितलं होतं आणि मी ते जन्मभर पाळलं. आता नव्या रेफरींना शिकवायला बोलावतात, तेव्हा कार्डांचं नंतर सांगतो. आधी हे सांगतो.