व्हर्लिनच्या नावाची नळी

व्हर्लिन ओक्स म्हणजे आमच्या आयडाहोच्या नेमबाजी क्लबातला सगळ्यात खवट म्हातारा. मोठ्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं आम्ही घरीच भरतो. एखाद्यात दारू घालायची राहिली की गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुटते. अशी फुटकी नळी व्हर्लिन क्लबाच्या भिंतीवर ठोकायचा आणि खाली मालकाचं नाव लिहायचा. माझी ठोकली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "बायको होती तोवर तीच मोजून द्यायची वाटतं, ड्वाइट?"

तिला पुरून महिनाही झाला नव्हता.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत व्हर्लिन नेम धरून उभा होता आणि त्याच्या मागे मी पंच. तोवर त्याला नीट ऐकू येईनासं झालं होतं, पण मेला कबूल कुठे करतोय! चौथा बार नुसताच फुसकन वाजला. त्याला कळलं नाही. मला कळलं. अशा वेळी "थांब!" म्हणून ओरडायचं, पंचाचं काम तेवढंच.

मी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिलो.

महिन्याभराने त्याची नळी मीच भिंतीवर ठोकली. नाव मात्र त्यालाच लिहायला लावलं, उरलेल्या बोटांनी.