सत्कारमूर्ती जनरेटरमागे

गंगाधर मांडवकरांनी अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकही भाषण धड ऐकलं नव्हतं. भाषणांना ते जात नसत असं मुळीच नाही. लालबागच्या धोंडू मिस्त्री चाळीत गेल्या चाळीस वर्षांत जेवढी भाषणं झाली, तेवढ्या सगळ्यांना ते हजर होते. पण ते असायचे मंडपाच्या मागे, जनरेटरपाशी. तो सुरू असला की कानाशी शंख फुंकला तरी ऐकू येत नसे.

चाळीच्या नवजवान एकता उत्कर्ष मंडळाचा (यातल्या सर्वांत लहान नवजवानाला गेल्या वर्षी जावई आला) कार्यक्रमांसाठी तात्पुरतं वीज कनेक्शन घेण्याचा विचार दरवर्षी व्हायचा. पण त्यासाठी अर्ज लागतो, अर्जाला सही लागते आणि सही करायला अध्यक्ष सापडावा लागतो. त्यापेक्षा जिन्याखाली वाकून "ओ काका, आत्याला काढा" अशी हाक मारणं सोपं होतं.

आत्या म्हणजे काकांचा जनरेटर. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला डायनामो आणि हे सगळं पेलणारी चार चाकांची हातगाडी. आत्या हे नाव कोणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण ठेवलं ते विचार करून. ती प्रत्येक कार्याला हजर असायची आणि एकदा आली की मांडवात दुसऱ्या कुणाचं चालत नसे.

गंगाधर तरुणपणी कापडगिरणीत ऑइलमन होते. संपानंतर गिरणीचा भोंगा थांबला. शेजारचे लोक रोज भोंग्याच्या वेळेला दचकून उठायचे आणि परत झोपायचे. गंगाधरांना मात्र झोपच येईना. मशीन चालू नसेल तर त्यांना करमत नसे. म्हणून त्यांनी ते इंजिन आणलं, जिन्याखाली सगळं उकललं, रॉकेलमध्ये धुतलं आणि पुन्हा जोडलं. शेवटी एक वॉशर उरला. तो वॉशर त्यांनी पुढे चाळीस वर्षं देव्हाऱ्यात ठेवला, कारण इंजिन त्याच्याशिवाय चालत होतं आणि ही देवाचीच कृपा म्हणायची.

तेव्हापासून लालबाग ते करी रोड कुठेही डिझेल इंजिन रुसलं की काकांना बोलावणं येई. ते आधी इंजिनाला हात लावत नसत. उकिडवे बसून नुसतं बघत. मग म्हणत, "हवा धरलीय," किंवा "दाब जातोय," आणि तेच निघे. मंडपामागे बसून त्यांनी नाटकं, कीर्तनं, वक्ते सगळे मुक्यानेच पाहिले. वक्त्याने हात वर केला की टाळ्या पडतात, पाण्याचा ग्लास उचलला की भाषण अजून अर्धा तास चालतं आणि "शेवटी एवढंच" म्हटल्यासारखा चेहरा केला की पाऊण तास, एवढं त्यांना कळत असे.

अशा माणसाचा सत्कार करायचा असं मंडळाने ठरवलं. एक मे, सत्यनारायणाची पूजा, सकाळी अकराला सत्कार. गेटवर बॅनर लागला. बॅनरवर मंडळाचे एकोणीस पदाधिकारी हात जोडून उभे. सर्वांत मोठे अध्यक्ष अजित सुर्वे, खाली "भावी नगरसेवक". हे भावीपण गेली तीन टर्म टिकून होतं. कोपऱ्यात सत्कारमूर्ती. काकांचा स्वतंत्र फोटो कुणाकडे सापडेना, म्हणून एका जुन्या विसर्जनाच्या फोटोतून त्यांना कापून काढलं होतं. त्यात त्यांचा अर्धा चेहरा होता आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी सायलेन्सर.

पण काका खूश होते. त्यांची एकच इच्छा होती. आत्या बंद असताना, समोर खुर्चीवर बसून, आपल्याबद्दल लोक काय बोलतात ते एकदा कानाने ऐकावं.

"ऐकून काय करतलात?" त्यांची बायको कमल म्हणाली. ती कणकवलीची. चाळीत पंचेचाळीस वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातली कणकवली जागची हलली नव्हती. "शाल घालून घराक पाठवूचो बेत आसा तेंचो. तो हिरवो डबो बगितलात मां?"

हिरवा डबा काकांनीही पाहिला होता. आदल्या दिवशी टेम्पोतून उतरलेला नवाकोरा सायलेंट जनरेटर. हितेंद्रभाई नावाच्या एजन्सीवाल्याने तो मंडळाला भेट दिला होता आणि त्या बदल्यात तेच सत्काराचे प्रमुख पाहुणे होते.

"सत्कार माझा आहे," काका म्हणाले. "मला काढून टाकायचं असतं तर हार कशाला आणले असते?"

"हार खय खय घालतत, म्हायती आसा तुमका."

भाषणात काय ते कळेलच, असं काकांनी मनाशी ठरवलं.

एक मेच्या सकाळी हिरव्या डब्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. काका इस्त्रीच्या सदऱ्यात तिथे गेले आणि सवयीने त्यांनी टाकीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"अजित, अरे हा कोरडा आहे. डिझेल नाही यात."

"काका!" अजितने त्यांचा हात धरून बाजूला नेलं. "आज तुम्ही सत्कारमूर्ती. आज कशाला हात लावायचा नाही. नो टेन्शन. सगळं ऑटोमॅटिक आहे."

"ऑटोमॅटिक असलं तरी डिझेल..."

"काका, बसा ना खुर्चीत. प्लीज."

काका बसले. व्यासपीठावर मधोमध लाल मखमलीची खुर्ची, लग्नात नवरदेवाला असते तशी. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असल्यामुळे सत्कारमूर्तींची पत्नी कडेला, मंडपामागच्या बोळाच्या तोंडाशी बसली होती. तिच्या हातात मोबाइल. नातीने तिला सांगून ठेवलं होतं, लाल बटण दाबायचं आणि मग काहीच दाबायचं नाही.

माइक, दिवे, पंखे आणि पाहुण्यांसाठी आणलेले चार मोठे कूलर हे सगळं मंडळाच्या ऑफिसातून काढलेल्या एकाच वायरवर होतं. सूत्रसंचालक बाईंनी दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि प्रास्ताविकावर दोन शब्द असं उरकलं. काका कान टवकारून बसले होते. ऐकू येत होतं! शब्द न् शब्द! प्रास्ताविकात त्यांचं नाव एकदा आलं आणि हितेंद्रभाईंचं सात वेळा, पण तरी आलं. मग अजित उठला, माइकवर टकटक केलं आणि म्हणाला, "आज आपण ज्यांच्यासाठी जमलो आहोत, त्या गंगाधरकाकांबद्दल मला जे बोलायचं आहे, ते मी आजवर कधी..."

फट् आवाज झाला आणि सगळं गेलं. कूलरांच्या भाराने फ्यूजसकट ऑफिसातली वायर जळली होती.

अजित डगमगला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. तो घसा ताणून ओरडला, "मित्रांनो, याला म्हणतात योग! आता आपला नवीन सायलेंट जनरेटर आपोआप सुरू होतोय. शांत राहा. फक्त अनुभव घ्या."

सगळे शांत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"वा!" दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. "काही म्हणता काही आवाज नाही!"

टाळ्या पडल्या. हितेंद्रभाईंनी उठून नमस्कार केला. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारलं, "पण मग पंखे का फिरत नाहीत?"

हिरव्या डब्याभोवती गर्दी जमली. हितेंद्रभाईंनी एक बटण दाबलं, मग दुसरं, मग फोन लावला. फोनवर बोलून झाल्यावर त्यांनी अजितकडे पाहिलं. "डिझेल डाला था ना, साहेब?"

"डिझेल? ते आत नसतं?"

"अरे, कंपनीतून कोरडाच येतो ना!"

मग सगळ्या माना हळूहळू वळल्या आणि व्यासपीठावरच्या लाल खुर्चीवर येऊन थांबल्या.

काकांना त्या नजरा ओळखीच्या होत्या. तरी ते बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ऐकू येत होतं आणि भाषण "मी आजवर कधी" इथे येऊन थांबलं होतं.

"काका," अजित व्यासपीठाखालून हळू आवाजात म्हणाला, "डिझेल आहे ना तुमच्याकडे? ओततो त्यात."

"ओतून आत्ता चालायचं नाही. टाकी कोरडी होती, लाइनमध्ये हवा आहे. ती काढायला अर्धा तास तरी लागेल."

"मग..." अजितने कपाळावरचा घाम पुसला. "आत्या?"

काका उठले. बाह्या वर केल्या आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूने उतरले. पुढचा जिना फुलांनी सजवला होता, पण तिकडून उतरायची त्यांना सवय नव्हती.

बोळात जाऊन त्यांनी आत्याच्या थंडाव्याच्या टाकीत पाणी भरलं, दाब सोडायची कळ वर केली, हँडल लावलं आणि फिरवायला घेतलं. एक फेरा, दोन, पाच. वेग आल्यावर कळ खाली टाकली. धड्... धड्... धडधडधड! मंडपात दिवे लागले, कूलर काढून टाकले होते, माइक खरखरला आणि लोकांनी जनरेटरवाल्या काकांसाठी टाळ्या वाजवल्या. काकांना त्या ऐकू आल्या नाहीत.

ते हात पुसून निघणार, तोच इंजिनाचा ठेका घसरला. वेग सांभाळणारी स्प्रिंग तुटून खाली पडली होती. आता डिझेलचा दांडा कुणीतरी हाताने दाबून धरला तरच इंजिन चालणार होतं. काकांनी दांडा धरला आणि बोळाच्या तोंडातून मंडपाकडे पाहिलं. तिरकं का होईना, व्यासपीठ दिसत होतं.

दांडा सोडला असता तर भाषण ऐकू आलं असतं, पण मग भाषणच झालं नसतं. धरून ठेवला तर भाषण होणार होतं, चारशे माणसं ऐकणार होती आणि ज्याच्याविषयी होतं तो एकटा सोडून.

काकांनी धरून ठेवला.

अजित बोलू लागला. त्याने हात वर केला, टाळ्या पडल्या. तो जोरात बोलला की दिवे किंचित मंद व्हायचे, इंजिन जड व्हायचं आणि काकांना दांडा जरा अधिक दाबावा लागायचा. आपलं कौतुक चाललंय हे त्यांना तळहाताला कळत होतं. बराच भारी मजकूर असावा. मग अजितने पाण्याचा ग्लास उचलला. काकांनी हात बदलला.

सत्कार व्हायचा तो झाला. शाल लाल खुर्चीच्या पाठीवर पांघरली, श्रीफळ खुर्चीच्या सीटवर ठेवलं आणि एकोणीस पदाधिकाऱ्यांनी खुर्चीसोबत फोटो काढून घेतला.

कार्यक्रमानंतर काकांनी एकेकाला गाठून विचारलं, "अजित काय बोलला रे?"

"सुंदर बोलला, काका!"

"पण काय बोलला?"

"अहो, एकदम हृदयातून."

सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "तुम्ही ऐकायला हवं होतं." अजित स्वतः भेटला तो पाठ थोपटून, "ठरलं मग काका!" म्हणून घाईघाईने निघून गेला. काय ठरलं ते विचारायच्या आत तो हितेंद्रभाईंच्या गाडीत बसला होता.

दुपारी प्रसादाचा शिरा खाऊन झाल्यावर काकांनी बायकोला विचारलं. कमलने ताट उचललं, मोरीत ठेवलं, पाणी सोडलं. मग पाठमोरीच म्हणाली, "अजित बरा बोललो. तुमच्यासारखो माणूस नाय म्हणालो."

"आणि?"

"आणि काय? मोबाइलमधे आसा सगळा. ऐका."

काकांचा उजवा कान इंजिनाने केव्हाच नेला होता. त्यांनी मोबाइल डाव्या कानाला लावला. लाल बटण कमलने आत्या सुरू झाल्यावरच दाबलं होतं. सुरुवातीला तिच्या बांगड्या, मग धडधडधडधड. कमल बोळाच्या तोंडाशी बसली होती, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये भाषण असं नव्हतंच, नुसती आत्या होती. काका ऐकत राहिले. आत्याला त्यांनी असं लांबून कधी ऐकलं नव्हतं. ठेका चांगला होता. मंडपातल्या लोकांना चाळीस वर्षं हे ऐकू येत होतं तर!

अकराव्या मिनिटाला ठेका एकदम खाली आला. त्यांनी हात बदलला होता ती वेळ. त्या दोन क्षणांत अजितचा आवाज स्वच्छ उमटला, "...या वर्षीपासून काकांना आणि त्यांच्या आत्याला आपण कायमची विश्रांती..." आणि पुन्हा धडधडधड, आणि त्यामागे टाळ्या.

काकांनी तेवढा भाग पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा लावला. कमल मोरीपाशी उभी होती. नळ केव्हाच बंद झाला होता.

"काय ऐकाक इला?" तिने विचारलं.

"टॅपेट वाजतोय," काका म्हणाले. "जवळ बसलं की कळत नाही, लांबून कळतं. ढिला झालाय."

"आणि भाषण?"

"भाषण कुठलं? आत्याच्या आवाजात गेलं सगळं."

कमल त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मोबाइल त्यांच्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. हे मात्र तिला नातीने शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजित हातात ती शाल आणि नारळ घेऊन चाळीत शिरला. शाल द्यायची होती आणि जिन्याखालची जागा हिरव्या डब्यासाठी कधी रिकामी होईल तेही विचारायचं होतं. काकांनी नवी स्प्रिंग बसवली होती, टॅपेट आवळला होता. अजित आवारातल्या पिंपळापाशी आला तेव्हा त्यांनी हँडल लावलं. तो नळापाशी आला तेव्हा दाबाची कळ खाली टाकली.

"काका, ते भाषणात मी बोललो होतो ना..."

काकांनी कानामागे तळहात धरला. "काय?"

"जागेचं! म्हटलं, जागा..."

"मोठ्याने बोल रे! हिच्यापुढे काही ऐकायला येत नाही!"

अजित ओरडला. पुन्हा ओरडला. वरच्या मजल्यावरून लोक वाकून बघायला लागले. शेवटी त्याने शाल काकांच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि गणपतीच्या वेळी बघू असं हाताने सांगून तो निघाला. तो गेटबाहेर जाईपर्यंत काकांनी इंजिन चालू ठेवलं. मग बंद केलं, शालीची घडी घातली आणि आत्यावर पांघरली. नारळ त्यांनी घरी खोबऱ्यासाठी पाठवून दिला.