कोपऱ्यातला बगळा

शिरूरला मामाकडे राहून मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिलीच. पुण्यात एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय शोधताना एका जुन्या पुस्तकात दहा-बारा ओळी सापडल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका रेल्वे इंजिनिअरची बायको दौंडला राहून भीमेची चित्रं काढायची. कुणी फारशी दखल घेतली नाही. सहीऐवजी ती उजव्या कोपऱ्यात एका पायावर उभा बगळा काढायची.

मी जागेवरून उठलेच. आमच्या दौंडच्या रेल्वे हॉलमध्ये नदीचं एक बिननावाचं चित्र होतं. घरी पत्र टाकलं आणि आठवड्यानं दौंड गाठलं.

चित्राच्या कोपऱ्यात बगळा नव्हता. सगळी नदी मातकट, तेवढाच तुकडा ताजा निळा.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत पेंटर होते. त्यांना विचारलं.

"ते व्हय? साहेबाचं इन्स्पेक्शन हुतं. कुणा पोरानं कोपऱ्यात गिरवल्यागत दिसलं. दिला हात मारून."

"काय गिरवलं होतं, आप्पा?"

त्यांनी विडीच्या बंडलाचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं मान, चोच, एक पाय काढला. वर म्हणाले, "एवढं शिकून पाखरं हुडकाय लागलीस व्हय?"

मला हसू आलं नाही. तो कागद घेऊन मी पुण्याला परतले. पुढचं वर्षभराचं काम आता त्या कागदावर उभं राहणार होतं.

मार्गदर्शक सरांनी तो बराच वेळ पाहिला. "बगळ्याचं तुम्ही त्यांना आधी सांगितलं नव्हतं ना?"

"नाही, सर," मी म्हणाले, आणि जिना उतरताना पत्र आठवलं. त्यात बगळ्याबद्दल लिहिलं होतं का? शब्द आठवेनात. पुन्हा दौंड गाठलं.

"आप्पा, माझं पत्र कुठंय?"

"तुझ्या आईनं चूल पेटवली आसंल त्यावर."

"त्यात बगळा होता?"

"आता कसं सांगू? तू म्हणतीस तर आसंल. न्हाई म्हणतीस तर न्हाई."

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी दोनदा जागा बदलली. दुसऱ्या दिवशी सरांना खरं सांगितलं. प्रबंध दुसऱ्या विषयावर झाला. चित्राबद्दल आणि आप्पांच्या कागदाबद्दल परिशिष्टात लिहिलं, शंकेसकट. त्या बाईच्या वाट्याला पुन्हा दहा-बारा ओळीच आल्या.

अजूनही दौंडला गेले की मी हॉलमध्ये जाते. त्या निळ्यावर नख टेकवते, आणि मागे घेते.