मास्तर आधीच पोचला होता

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. कुत्र्याला देव समजून त्याच्यापुढं नारळ फोडणारा माणूस जास्त चुकीचा, की त्याच कुत्र्याला "लाळ फार गाळतो" म्हणून घराबाहेर काढणारा?

मी दोन्ही माणसं पाहिली आहेत आणि दोघांशीही भांडले आहे. दुसऱ्याशी भांडून मला कुत्रा मिळाला. पहिल्याशी भांडण अजून चालू आहे... आणि ते ज्या घटनेमुळं सुरू झालं, ती सांगायलाच हे लिहिते आहे.

आधीच सांगून टाकते — भूत, चकवा, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी जत्रांमध्ये जाऊन बुवाबाजीच्या विरोधात पत्रकं वाटायचे. आमच्या घरात बसायला खुर्च्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी त्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. वर्गातल्या मुली 'कमळ' वाचत होत्या तेव्हा मी 'शोषण' वाचत होते. अर्थ पुढं कळला, राग मात्र तेव्हापासून यायचा. असल्या घरात वाढलेल्या मुलीला 'अमानवीय अनुभव' लिहायची वेळ यावी, याचं बाबांना अजून हसू येतं.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुमच्यातले काही जण दर्शनाला येतील. फाट्यावरून आत आलं की डाव्या हाताला विहार, त्यामागं आमचं घर, पुढं टिनाचं शेड, शेडवर कडुनिंबाची सावली. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडं रामदासभाऊंचं घर. मी मोताळ्याला खाजगी क्लासमध्ये विज्ञान शिकवते. विज्ञान — हे लक्षात ठेवा.

मास्तर हा ब्लडहाउंड. म्हणजे वासावर माग काढणारा, लांब कानांचा, सुरकुतलेल्या तोंडाचा प्रचंड कुत्रा. बुलडाण्याजवळच्या एका फार्महाउसवाल्या साहेबांनी राखणीसाठी म्हणून तो आणला होता. पण हा भला गृहस्थ येणाऱ्या प्रत्येकाचं शेपूट हलवून स्वागत करायचा, आणि मान झटकली की लाळेची माळ थेट भिंतीवर. साहेबांनी त्याला गेटाबाहेर बांधून ठेवलं होतं, भर उन्हात. मी तिथून जाताना पाहिलं आणि गाडी थांबवून भांडले. साहेब म्हणाले, "एवढी दया येते तर घेऊन जा ना." मी घेऊन आले. स्कूटीवर येईना, म्हणून टेम्पोतून.

गावात त्याला बघून पहिल्यांदा शेवंतामाय हसली. शेवंतामाय म्हणजे रामदासभाऊंची आई. ऐंशीच्या घरातली, अंगानं काटक, पण आठवणीचं आता काही खरं राहिलं नव्हतं. सकाळी जेवली हे दुपारी विसरायची. भिंतीवरून तिनं त्याचं ते लोंबतं, चिंतेनं भरलेलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "अवं माय! हा तं शाळेतला मास्तरच दिसते. पेपर तपासून तपासून डोळे सुजले याचे." झालं, नाव पडलं. गावातल्या खऱ्या गुरुजींनी आठवडाभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

असा कुत्रा पाळणं म्हणजे काय, ते पाळल्याशिवाय कळत नाही. वजन जवळजवळ सोयाबीनच्या कट्ट्याएवढं, म्हणजे भरल्या पोत्याएवढं. कान इतके लांब की जेवताना दोन्ही कान भांड्यात. मग दही-भाताचे कान घेऊन तो प्रेमानं तुमच्या मांडीवर येणार. ते कान रोज पुसायचे, आतून कोरडे ठेवायचे, नाहीतर सडतात. तोंडावरच्या घड्या फडक्यानं टिपायच्या. एकदम पोटभर जेवण द्यायचं नाही, दोनदा थोडं थोडं, आणि जेवल्यावर पळू द्यायचं नाही... या जातीचं पोट फुगून पीळ पडतो आणि जीव जातो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात शेडमध्ये ओलं गोणपाट आणि कूलर. कूलर बाबांच्या खोलीतला होता. बाबा म्हणाले, "कष्टकऱ्याचा पहिला हक्क." मी विचारलं, हा कोणते कष्ट करतो? तर म्हणे, "वास घेऊन राह्यला ना दिवसभर!"

खरंच घ्यायचा. एकदा नाक जमिनीला लागलं की मागं दोरी धरलेली मी म्हणजे नुसती वाऱ्यावरची ओढणी. मी पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून त्याला माग काढायला शिकवलं. बाबा रुमाल देऊन कुठंतरी लपायचे — विहारामागं, टाकीमागं, एकदा तर कडब्याच्या गंजीत — आणि मास्तर त्यांना शोधून काढून त्यांच्या चष्म्यावर लाळ गाळायचा. शेवंतामाय भिंतीवर हनुवटी टेकून हे सगळं बघायची आणि टाळ्या वाजवायची. "पास झाला! मास्तर पास झाला!"

आता ती घटना.

घटस्थापनेच्या आधी आमच्या भागात घरातली सगळी धुणी निघतात. सगळी म्हणजे सगळी — गोधड्या, चादरी, उशांच्या खोळी, पडदे, वापरातला शेवटचा धागासुद्धा. रामदासभाऊंच्या बायकोनं, नंदावहिनीनं, त्या दिवशी सकाळीच घर उलटं केलं होतं. गोधड्या नाल्यावर गेल्या. शेवंतामायला आंघोळ घालून, धुतलेलं पातळ नेसवून ओट्यावर बसवलं होतं. वहिनी नाल्यावरून परत आली तर ओटा रिकामा.

आधी कुणी घाबरलं नाही. मग विहारात नाही, पारावर नाही, दुकानात नाही... आणि मग रामदासभाऊ विहिरींकडं पळत सुटले. त्यांच्यामागं गावातले चार-दोन जण. आमच्या गावात म्हातारं माणूस दिसेनासं झालं की आधी विहिरीत बघतात. हे कुणी तोंडानं बोलत नाही, पाय आपोआप तिकडं वळतात.

दुपार व्हायच्या आत वहिनी आमच्या दारात आली. हात अजून साबणाचेच.

"प्रज्ञा, तुया मास्तर वास काढते ना? मायी सासू काढून दे व!"

"काढतो. तिचं वापरलेलं काहीतरी दे. न धुतलेलं."

वहिनी उभ्या जागी खाली बसली. "काहीच नाही व. सगळं धुतलं. उशी धुतली, बाजेची नवार धुतली... चपला बी घासल्या मी, निरमा लावून!"

गावातली सगळ्यात टापटीप सून म्हणून जिचं कौतुक होतं, तिनं सासूचा वास घरातून पुसून टाकला होता. ओट्यावरून माग घ्यावा तर ओटाही सकाळीच शेणानं सारवलेला. आणि मग तिला एकदम आठवलं — ट्रंक! शेवंतामायची पत्र्याची ट्रंक, जिला कुणी हात लावलेला म्हातारीला खपायचं नाही. वहिनी पळत गेली आणि ट्रंकेच्या तळातून एक हिरवं लुगडं घेऊन आली. घडीवर घडी, त्यात डांबरगोळ्या. "हे तिचंच हाये. जिवापाड जपते."

मी ते मास्तरच्या नाकाशी धरलं. तो जोरात शिंकला. पुन्हा धरलं, पुन्हा शिंकला. रामदासभाऊ विहिरीवरून परत आले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. म्हणाले, "झालं! कुत्र्याले सर्दी झाली."

तिसऱ्यांदा मात्र मास्तरनं नाक लुगड्यात खुपसलं आणि तसंच ठेवलं. बराच वेळ. मग नाक जमिनीला लावलं आणि निघाला.

एका पोरीनं शेवंतामायला फाट्याच्या दिशेनं जाताना पाहिलं होतं. मास्तर फाट्याकडं गेलाच नाही. उलट्या बाजूला वळला, विहारामागून नाला उतरला, पलीकडं चढला आणि उभ्या मक्यातून सरळ. त्या बाजूला मी त्याला कधी नेलं नव्हतं, कारण त्याला पाणी दिसलं की तो त्यात बसतो. त्या दिवशी नाल्यात पाणी होतं आणि त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी ओढली जात होते, मक्याची पानं तोंडावर सपासप, मागं वहिनी, तिच्यामागं रामदासभाऊ ओरडत — "ससा शोधून राह्यला तो! बुढीले गुडघे नाहीत, ते मक्यात काहाले येईन?"

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगते.

मका संपला, कपाशी लागली, कपाशीच्या कडेनं गाडरस्ता. गाडरस्त्यावर चिंचेचं एक जुनं झाड. तिथं मास्तर थांबला. झाडाला एक फेरी मारली, मुळाशी एक जागा हुंगली आणि तोंड वर करून असा काही हेल काढला की कपाशीतले बगळे उडाले. हा त्याचा 'सापडलं' म्हणण्याचा आवाज. बाबा सापडल्यावर तो असाच ओरडायचा.

तिथं कुणीही नव्हतं.

विहीर नाही, खड्डा नाही, झोपडी नाही. रामदासभाऊंनी कपाशीच्या ओळी धुंडाळल्या. मी दोरी ओढली, बिस्कीट दाखवलं, रागावले. मास्तर मुळाशी पसरला, हनुवटी पंजावर ठेवली आणि शेपटी हलवत बसला. शेवटी रामदासभाऊ बांधावर बसले. एवढा मोठा माणूस, तोंडावर गमछा धरून रडत होता. "माय कुठीतरी पडली असन वं... आन् मी कुत्र्याच्या मागं फिरून राह्यलो."

आम्ही परत फिरायचं ठरवलं. मास्तर उठेचना. एक कट्टाभर कुत्रा उठत नाही म्हटल्यावर तुम्ही काय कराल? मी आणि वहिनी त्याला ढकलत होतो, तेव्हा गाडरस्त्यावर दुसऱ्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज आला. मास्तर आपणहून उठला. ट्रॅक्टर वळणावर दिसायच्या आधी उठला.

रिकामी ट्रॉली, ट्रॅक्टरवर रोहिणखेडचे सलीमभाई, आणि त्यांच्या शेजारी मडगार्डवर, डोक्यावर पदर घेऊन, वरातीत बसल्यासारखी शेवंतामाय.

"मास्तर!" ती वरूनच ओरडली. "तू आधीच आला का बे?"

पुढचा काही वेळ मला नीट सांगता येत नाही. रामदासभाऊंनी तिला उचलूनच खाली घेतलं, वहिनी हसत-रडत तिला बडबडत होती, आणि मास्तर सगळ्यांच्या मधे शिरून सगळ्यांना चाटत होता. सलीमभाई सांगत होते, "मार्केटात मका टाकून येत होतो मोताळ्याहून. अम्मा स्टँडवर बसलेली, फाट्यावरून एसटी पकडून आलेली. म्हणे, बेटा, मले मायच्या वावरात सोड. मी म्हटलं, कौन सा वावर? तं म्हणे, चाल, मी सांगतो. डावीकडं घे, उजवीकडं घे... अशी बोलत आली, जैसे कल ही गई थी!"

मी विचारलं, तिला कधी घेतलं? आत्ता, म्हणाले, तिथून थेट इकडंच.

म्हणजे मास्तर या झाडाकडं निघाला, तेव्हा शेवंतामाय मोताळ्याच्या स्टँडवर बसून होती.

मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या लुगड्याकडं गेली. "मायचं लुगडं काऊन आणलं वं?"

"तुमचं ना हे?" वहिनी म्हणाली.

"मायं कुठलं! माया मायचं हाये. मी कधीच नाही नेसली." तिनं ते माझ्याकडून घेतलं आणि चिंचेच्या मुळाशी, बरोबर मास्तर पसरला होता त्या जागी, बसली. "हे आमचं वावर होतं. निंदण झालं की माय इथं बसून फडक्यातली भाकर सोडे. मी लहान होती तं मले अर्धी देये."

मग तिच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. आई वारल्यावर वावर विकलं गेलं, मामानं तिला नेलं, मामाच्याच घरून लग्न झालं. म्हणून आम्ही सगळे मामाच्या गावालाच तिचं माहेर समजत होतो. तिचं खरं माहेर आमच्या गावाच्या मक्यापलीकडं होतं. वहिनी हळूच म्हणाली, "लगन होऊन आली तवापासून एका चुलीवर जेवतो आम्ही. मी कधी पुसलंच नाही."

शेवंतामायच्या आईला जाऊन पंचाहत्तर वर्षं तरी झाली असतील.

आता तुम्ही जे म्हणणार, ते सगळं मी स्वतःला म्हणून झालं आहे. वाऱ्यावर शेवंतामायचा वास आला? मोताळ्याहून? ती आधी कधीतरी तिथं येऊन गेली होती? त्या गुडघ्यांनी नाला कोण उतरणार, आणि धुतलेल्या घरात तिचा वास होता कुठं? ट्रंक तीच उघडायची, म्हणजे लुगड्याला तिचा हात लागलेला असणार — कबूल. पण मग माग फाट्याकडं जायला हवा होता. योगायोग? एवढ्या शेतांमधून नेमकं तेच झाड?

बाबांनी ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "प्रयोग पुन्हा करू." केला. शेवंतामायच्या परवानगीनं तेच लुगडं, तोच कुत्रा, तीच जागा. मास्तर एकदा शिंकला, लुगड्यावर डोकं ठेवून झोपला आणि घोरायला लागला. बाबा म्हणाले, "निष्कर्ष नाही." तेवढंच.

गावानं मात्र निष्कर्ष काढला. घटस्थापनेच्या दिवशी रामदासभाऊ स्वतः नारळ, हार, हळद-कुंकू घेऊन आमच्या शेडमध्ये हजर.

"भाऊ, हे चालणार नाही. तो देव नाही."

"देव नाही तं काय हाये मंग?"

"नाक आहे."

"मंग नाकालेच हार घालतो ना!"

आमचा वाद रंगात आला तेवढ्यात मास्तरनं झेंडूचा हार खाऊन टाकला. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं — 'मास्तरचे दर्शन बंद आहे, कान पुसायला मदत हवी आहे' — आणि गावभर वाटलं. कान पुसायला रोज कुणी ना कुणी येतं आता. खरे गुरुजीसुद्धा आले.

माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. भूत मी मानणार नाही आणि उगाच शास्त्राचे शब्द जोडून तुम्हाला फसवणारही नाही. जे कळलं नाही, ते कळलं नाही.

पण एक गोष्ट त्या चिंचेखाली लख्ख कळली, आणि तिच्यासाठी कुत्र्याची गरज नव्हती. म्हणून विनंती करते. तुमच्या घरात म्हातारी आई असेल, आजी असेल, सासू असेल, तर आज जेवायला बसल्यावर तिला विचारा — तुझी माय शेतात भाकर कुठं सोडायची? तिला आठवायला वेळ लागेल, मधे बोलू नका. आणि तिनं जागा सांगितली, की या रविवारी तिला तिथं घेऊन जा.