हिणवणे : वाक्यात उपयोग करा

लाखांदूरजवळच्या त्या गावात लीलाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, आणि बायकांना त्याचंच कौतुक. भाताच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, ती टोळीत असली की कंबर दुखत नाही म्हणायच्या. ती हसवते कुणाच्या जिवावर, हे कोणी विचारत नसे.

अंतकला एका पायाने अधू, कामाला संथ. आठ वर्षांपूर्वी लीलाबाईने बाकीच्यांना डोळा मारला आणि बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मागे पडलेल्या अंतकलाच्या चारी बाजूंनी भाताची रोपं लावून टाकली. मध्ये ती एकटी. "मले बी येऊ द्या ना वं!" ती ओरडली. लीलाबाईने बांधावरून तिचाच आवाज काढला, लंगडून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या आणि घरी गेल्या. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. कोवळी रोपं तुडवायची कशी म्हणून अंतकला दिवेलागणीपर्यंत चिखलात उभी राहिली. पुन्हा ती कुणाच्या बांधीत उतरली नाही. दोन वर्षांनी तापाने गेली.

ती गेली तेव्हापासून तो आवाज लीलाबाईच्या गळ्यात बसला. शेळ्यांना हाक मारावी, तर अंतकला बोले. नातवाला जेवायला बोलवावं, तरी अंतकलाच. दवाखान्यात घसा दाखवला, काही निघालं नाही. बाई खरंच भ्याली होती. तिने बोलणंच सोडलं. गाव म्हणालं, म्हातारपणी शहाणी झाली.

यंदा विहारात प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला दीपमाला, अंतकलाची सून. समोर लीलाबाईसकट जुन्या टोळीतल्याच बारा बायका. रोज एकीने वाक्य सांगायचं, दीपमालाने फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी मोठ्याने वाचायचं. लीलाबाई नुसते ओठ हलवी.

त्या दिवशी शब्द होता 'हिणवणे'.

"म्हणजे दुसऱ्याले कमी लेखून टोचून बोलणं. कोण सांगते वाक्य?"

आज बोलले नाही तर हा आवाज सरणापर्यंत सोबत येईल, लीलाबाईला वाटलं. आणि बोलले तर या पोरीला तोंड कसं दाखवायचं?

"मी अंतकलाले हिणवलं," ती म्हणाली. आवाज अंतकलाचा निघाला.

दीपमालाने सासूचा आवाज ओळखला. मग ती वळली, वाक्य लिहिलं, बाजूला झाली.

"वाचा आता. सगळ्याजणी."

बायकांनी फळ्यावरच्या 'मी'कडे पाहिलं. एकीने पदर तोंडाला लावला. शेवटी बाराही जणी पुटपुटल्या, "मी अंतकलाले हिणवलं."

"आयकू नाही आलं," दीपमाला म्हणाली. "अजून एक डाव."