बिनआवाजाची बोली

त्या आठ दिवसांत मी मार्कंडेयाच्या देवळात एकदाही गेले नाही. खोटं कशाला बोलू, रागच आला होता. मार्कंडेय हा आम्हा पद्मशाली विणकरांचा मूळपुरुष. सोळाव्या वर्षी यम न्यायला आला तेव्हा शंकराच्या पिंडीला मिठी मारून तो वाचला. मग आयुष्यभर त्याचं नाव घेणाऱ्या माझ्या वडिलांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? चाळीस वर्षं भिवंडीच्या यंत्रमागांवर कापसाची धूळ ओढून त्यांची फुफ्फुसं निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल, श्वास मशीनने द्यावा लागेल. वडिलांनी मला आधीच बजावलं होतं, "मला मशीनला बांधून ठेवू नको." आई केव्हाच गेलेली, भावंड नाही, विचारायचं कोणाला? मी सही केली. नळी बसली आणि त्यांचा आवाज गेला.

आम्ही घरी तेलुगू बोलतो आणि वडिलांना नायना म्हणतो. नायना सतरा वर्षांचे असताना तेलंगणातल्या खेड्यातून मामाच्या मागोमाग इथे आले. मराठी येत नव्हती, हिंदीही नाही. कारखान्यातच राहायचं. दिवसपाळीवाला कामाला उठला की रातपाळीवाला त्याच गोधडीवर आडवा होई. नायना सांगत, "आम्हाला निदान शुक्रवारी सुट्टी होती, गोधडीला तीही नाही." पुढे मंदी आली, मालकाने माग भंगारात घातले, तेव्हा साठीला टेकलेले नायना जवळच्या वडपे गावातल्या गोदामात खोकी बांधायला लागले. घरी येऊन म्हणाले, "इतकी वर्षं कपडा विणला, आता दुसऱ्याने विणलेला खोक्यात भरतो. बढतीच झाली!" मार्कंडेयाची गोष्टसुद्धा ते स्वतःवर बेतून सांगत. "त्याने पिंडीला मिठी मारली, मी लूमला. यम रोज दारापर्यंत येतो, माझं नाव पुकारतो, पण त्या खटखटाटात मला ऐकूच येत नाही. बिचारा हात हलवत परत जातो." मी लहानपणी पोट धरून हसायचे.

आता ते अतिदक्षता विभागातल्या खाटेवर होते. हात सुजलेले, लिहिणं तर त्यांना कधी सहीपलीकडे आलंच नाही. पण शुद्धीवर होते आणि ओठ हलवत होते. दुपारी चार ते पाच भेटायला सोडत. तो सगळा तास मी त्यांच्या ओठांकडे बघत उभी राहायचे. रोज तेच काहीतरी सांगत होते. मी एकेक तेलुगू शब्द लावून बघे. 'इंटिकि' म्हणतात का, म्हणजे घरी? मी तसं विचारलं की ते डोळे मिटून घेत, आणि पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी माझी खात्री पटली की ते 'एंदुकु' म्हणतायत. एंदुकु म्हणजे का. का केलंस? मी रडायला लागले की नर्स म्हणायची, "ताई, पेशंटसमोर नको ना." घरी येऊन मी देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवत होते. माझ्या बापाचे अखेरचे शब्द मला कळणार नाहीत आणि ते माझ्यावर रागावूनच जाणार, एवढंच मला दिसत होतं. इतकी एकटी मी कधीच नव्हते.

शेजारच्या खाटेवर पडघ्याजवळ अपघात झालेला एक ट्रकवाला होता. त्याला भेटायला त्याचा थोरला भाऊ येई. पांढरी दाढी, एका पायाने लंगडत चालायचा, काल्हेरच्या एका गोदामावर वॉचमन. वॉर्डात सगळे त्याला चाचा म्हणत. आठव्या दिवशी तो माझ्याजवळ आला.

"ताई, बुरा मत मानना. तुमचे बाबूजी लूमवर होते ना?"

मी मान हलवली.

"मी पण होता, तीस साल. तुम्ही त्यांच्याशी कुठली भाषा बोलता?"

"तेलुगू."

"वही तो. ते हिंदी बोलतात. लूमवाली."

मागांच्या आवाजात तोंडाला कान लावला तरी ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळे नुसत्या ओठांनी बोलतात, हे मला ठाऊक होतं. नायना घरीही कधी गमतीने तसं करत. आणि तिथे बिहारचे, आझमगढचे, तेलंगणातले, सगळ्यांची मिळून एकच भाषा. चाळीस वर्षं नायना आवाजाशिवाय बोलले ते फक्त हिंदीत. आवाज गेल्यावर ओठ आपसूक त्या वाटेला लागले होते, आणि मी मुलगी असून त्यांच्यात तेलुगू शोधत बसले होते.

चाचा नायनांच्या खाटेच्या पायथ्याशी गेले, हात वर केला आणि आवाज न करता काहीतरी बोलले. नायनांचे डोळे एकदम उघडले. ओठ भराभर हलले. चाचांनी तोंडावर हात धरला, पण हसू आवरेना.

"बोलतात, यहाँ बहुत शांती है. यम पुकारेगा तो सुनाई दे जाएगा. कोई मशीन का आवाज बढ़ाओ."

आठ दिवस ते मला विनोद सांगत होते आणि मी रडत होते.

मग मी धीर करून म्हटलं, "विचारा त्यांना, मी सही केली म्हणून रागावलेत का." चाचांनी विचारलं. नायना माझ्याकडे बघत बोलले, सावकाश, मध्ये दम खात. चाचा एकेक वाक्य सांगत गेले. "तार टूटा तो गाँठ मारी. बुनकर की बेटी है, और क्या करती." थोडं थांबून, "पर अब बीम ही खाली हो गया. उसमें गाँठ नहीं लगती." बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ. तो संपला की विणकर माग थांबवतो, त्यात कोणाची चूक नसते. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एका मशीनसाठी सही मागितली. मी नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नायना गेले. ते दुःख काही कमी झालं नाही, अजूनही कढईत फोडणी चुरचुरली तरी डोळे भरतात, कारण तो आवाज ऐकला की ते गमतीने नुसत्या ओठांनी बोलायला लागत. पंधरा दिवसांनी मी काल्हेरला गेले तेव्हा चाचा गेटवर डबा खात बसले होते. मी पाया पडायला वाकले तर उठून बाजूला झाले. "हमने क्या किया बेटी, पढ़ के सुना दिया." नातेवाईक म्हणतात, देवानेच पाठवला. मला माहीत नाही. भावाच्या खाटेशी आलेला लंगडा माणूस होता तो, आणि त्याचे उपकार माझ्याच्याने फिटणार नाहीत.

देवळात मी पुन्हा जाऊ लागले. उत्तर आपल्याला हव्या त्या भाषेतच यावं, हा हट्ट तेवढा सोडला. समोर उभी राहते आणि आवाज न करता लूमवाल्या हिंदीत बोलते. मागे कोणी घंटा घणघण वाजवत राहिलं की मला नायना आठवतात. माझं नाव पुकारलं जाईल तेव्हा ते मला ऐकू यावं, आणि त्यांच्यासारखं हसू यावं, एवढंच मागते.